निळ्या दोराचं टोक

मला पोहता येत नाही. तलावाच्या काठावर नोकरी करून नऊ वर्षं झाली, तरी पाणी गुडघ्यापर्यंत आलं की माझा जीव वर येतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी होडीत बसून तलावाच्या मधोमध गेले असं लिहिणार आहे आणि माझ्या घरच्यांचा त्यावर अजून विश्वास बसलेला नाही.

आमचा तलाव नागपूरच्या बाहेर, मौद्याच्या रस्त्याला लागून थोडं आत गेलं की येतो. तिथे मुलांना शिडाच्या होड्या चालवायला शिकवतात. पाहुण्यांना याचं फार हसू येतं. नागपुरात शिडाची होडी म्हणजे वाळवंटात छत्री, असं माझा एक चुलतभाऊ दरवेळी म्हणतो आणि दरवेळी स्वतःच हसतो. मी तिथे स्टोअर सांभाळते. शिडं, वल्ही, दोर, लाइफ जॅकेट सकाळी द्यायची आणि संध्याकाळी परत घ्यायची. कळमन्याच्या संत्र्यांच्या ट्रकांमधून स्कूटी काढत सातला पोचायचं, कुलूप उघडायचं, ओल्या दोरांचा वास घ्यायचा. मला ही नोकरी आवडते.

दोर हा माझा खास विषय. आमचं घराणं विणकरांचं, मूळ उमरेडचं. बाबांचा हातमाग मी कळती होईपर्यंत चालू होता, मग तो बंद पडला आणि बाबा एका कापडाच्या दुकानात लागले. पण मला त्यांनी सुताची गाठ शिकवली होती. मागावर उभा ताणा असतो, हजारो तारा. त्यातली एखादी तुटली की दोन टोकं पकडून एका क्षणात जोडायची. एका तारेचा फासा, दुसरी त्यातून घालून स्वतःखाली दाबायची, ओढायची, झालं. नंतर उरलेली टोकं अगदी गाठीजवळ कापायची. टोक लांब राहिलं तर ते फणीत अडकतं, शेजारची तार तोडतं आणि कापडात गुठळी दिसते. बाबा म्हणायचे, गाठ दिसली तर ती आपली नव्हे. त्यांनी विणलेल्या धोतरात, पदरात, लुगड्यात कधी कुणाला गाठ सापडली नाही. मला त्याचा फार अभिमान होता. अजून आहे, हीच तर सगळी अडचण.

तलावाच्या मध्यावर आमचा एक तराफा असतो. ड्रमवर फळ्या ठोकलेला. शर्यती त्याच्यापासून सुटतात. तो जागेवर राहावा म्हणून त्याला खाली नांगर बांधलेला. हा नांगर साधा नव्हता. केंद्राचे प्रमुख नौदलातून निवृत्त झालेले, आम्ही सगळे त्यांना साहेबच म्हणतो. त्यांनी तो मुंबईच्या कुठल्याशा भंगारातून हौसेनं आणला होता. जुन्या जहाजाचा, दोन हातांचा, वर जाड कडी. मला एकटीला तो तसूभर हलवता येत नसे. साहेब येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवायचे, म्हणजे तो पाण्याखाली असताना तराफ्याकडे बोट करून दाखवायचे.

त्या वर्षी पावसाळ्यात तलाव चांगला भरला. पाणी चढलं आणि नांगराचा पांढरा दोर अपुरा पडायला लागला. तराफा एका कोपऱ्यातून बुडायचा. साहेब बाहेरगावी होते. फोनवर म्हणाले, दोर वाढवून घ्या. नांगर वर काढणं आणि पुन्हा सोडणं हे काम आमच्या नावाड्याचं. नावाडीभाऊ मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाचे, साठीला टेकलेले, याच तलावावर लहानाचे मोठे झालेले. त्यांनी नांगर वर काढला, पांढरा दोर सोडून मला आणून दिला आणि म्हणाले, "ताई, याले आणखी एक तुकडा लागते."

मी स्टोअरमधला निळा नायलॉनचा दोर काढला आणि बाबांच्या गाठीनं पांढऱ्याला जोडला. दोन्ही टोकं सवयीनं गाठीजवळ कापली. नखाएवढीसुद्धा ठेवली नाहीत. मेणबत्तीवर धरून ती गुळगुळीत केली, म्हणजे धागे सुटायला नकोत. इतकी सुबक झाली गाठ की मी तिच्यावरून दोनदा अंगठा फिरवला. नावाडीभाऊंनी ती पाहिली. "लय छोटी गाठ केली वं ताई तुम्ही," एवढं म्हणाले. मी म्हटलं, "भाऊ, ही आमच्या घरची गाठ आहे, ही सुटत नाही." निळ्या दोराचं दुसरं टोक त्यांनी नांगराच्या कडीला बांधलं आणि नांगर सोडून दिला.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात एका रात्री जोराचा वारा सुटला. सकाळी मी पोचले तर तराफा तलावाच्या पाळीला जाऊन टेकला होता. साहेब आधीच आलेले. त्यांनी दोर ओढून वर घेतला होता आणि त्याचं टोक हातात धरून उभे होते. पांढरा दोर. टोक अखंड, मेणबत्तीनं गुळगुळीत केलेलं. निळ्याचा पत्ता नव्हता.

मला एका नजरेत कळलं. दोर तुटला असता तर टोक पिंजलेलं असतं, आणि निळ्याचा तुकडा पांढऱ्याला लटकलेला असता. गाठ सुटली होती.

दोर वाढवा म्हणाले होते, पण निळा तुकडा जोडल्याचं साहेबांना माहीतच नव्हतं. त्यांच्या हिशेबी पांढराच लांब दोर थेट नांगराला बांधलेला होता. त्यांनी नावाडीभाऊंना विचारलं, "नांगर तूच बांधलास ना?"

नावाडीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "लंगर मीच सोडला साहेब."

ते खोटं नव्हतं. मी शेजारीच उभी होते, हातात चाव्यांचा जुडगा. साहेब चिडलेले. निष्काळजीपणा म्हणाले, बेजबाबदारपणा म्हणाले, आणखी इंग्रजीत काही म्हणाले. उद्यापासून तू गेटवर बस, महिनाअखेर मी ठेकेदाराला दुसरा नावाडी पाठवायला सांगतो. हे सगळं पाच-सहा माणसांसमोर. नावाडीभाऊ ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "मले तीन दिवस द्या. लंगर काढून देतो. मंग जिथं बसवाचं तिथं बसवा."

मी काही बोलले नाही.

का बोलले नाही, याची मी स्वतःला नंतर पुष्कळ कारणं दिली. त्यातलं एक असं की नावाडीभाऊंनी माझी गाठ सोडून आपली बांधली असेल. माझी गाठ त्यांना छोटी वाटलीच होती ना. मग सुटली ती त्यांचीच. दुसरं असं की माझीही नोकरी ठेक्याचीच. पण खरं कारण यातलं एकही नव्हतं. माझ्या बापाची गाठ सुटली, हे मला तोंडानं म्हणायचं नव्हतं. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. घरात त्यांचा माग नाही, विणलेलं एकच लुगडं उरलंय आणि तेही आईबरोबर जीर्ण झालंय. हातात राहिली होती ती गाठ. तीही चुकीची निघाली असं कबूल करायला माझी जीभ रेटेना. एका माणसाची नोकरी जात होती आणि मी मेलेल्या बापाची अब्रू सांभाळत बसले होते. आज लिहिताना लाज वाटते, तेव्हा नुसती छाती जड वाटत होती.

पहिल्या दिवशी नावाडीभाऊ एकटेच होडीतून लोखंडी गळ फिरवत राहिले. मी स्टोअरच्या खिडकीतून पाहत होते. गळाला शेवाळ आलं, एक चप्पल आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पद्धत बदलली. दोन होड्या घेतल्या. मध्ये लांब दोर, त्याच्या पोटाला ठिकठिकाणी विटा बांधलेल्या, म्हणजे तो तळाला घासत जाईल. दोन्ही होड्या अंतर ठेवून बरोबरीनं हाकायच्या आणि दोरानं तळ झाडत न्यायचा. कुठे अडकलं की तिथे काहीतरी आहे. दुसऱ्या होडीत त्यांनी बायकोला बसवलं. वहिनी वल्हवण्यात नवऱ्यापेक्षा तयार, पण वल्ही आणि दोर एकदम सांभाळता येत नव्हते. दोर हातात धरून सतत चाचपत राहावा लागतो. दिवसभरात हाती काही लागलं नाही.

संध्याकाळी नावाडीभाऊ स्टोअरच्या दारात आले. "ताई, उद्या तुम्ही या संग. हिच्या होडीत बसा. ती वल्हवन, तुम्ही दोर धरा."

"मला पोहता येत नाही भाऊ."

"पोहाचं काय काम हाये? तुमचा हात सुताचा हाये. दोर काय सांगून रायला ते तुमाले समजन."

मी होकार दिला. नाही म्हणायला तोंडच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दोन लाइफ जॅकेट घातली, एकावर एक. वहिनींनी ते पाहिलं आणि नजर फिरवली. एरवी त्या भेटल्या की माझ्या साडीच्या किनारीपासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळं विचारायच्या. त्या दिवशी होडी काठापासून सुटून मध्यावर पोचेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मला कळलं की त्यांना ठाऊक आहे.

दोर हातात घेतला तेव्हा भीती थोडी मागे पडली. बाबा मला डोळे मिटून तार धरायला लावायचे. कुठे ढिली आहे, कुठे ताण जास्त आहे, ते बोटांना कळलं पाहिजे म्हणायचे. इथेही तेच होतं, फक्त तार अंगठ्याएवढी जाड आणि दुसरं टोक पाण्याखाली. चिखलावरून दोर जाताना एकसारखा, जडसर सरकतो. दगड आला की उडी मारतो. झाडाचं मूळ आलं की धरतो आणि मग हळूच सोडतो. नावाडीभाऊ पलीकडच्या होडीतून विचारायचे, "काय हाये?" मी सांगायची, "दगड." ते मान हलवायचे आणि आम्ही पुढे जायचो.

मध्ये एकदा दोर घट्ट अडकला. होड्या जवळ आणून वर ओढला तर विसर्जन केलेल्या मूर्तीचा लोखंडी सांगाडा निघाला, बसलेला, मांडी घातलेली कळत होती. वहिनींनी हात जोडले. नावाडीभाऊंनी तो काठाला नेऊन अलगद ठेवला आणि आम्ही परत फिरलो. त्यांचे वडील याच दोरानं बुडालेली माणसं शोधून द्यायचे, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. पोलीस बोलवायला यायचे. "माणूस हलका असते, लवकर सापडते. लोखंड रुतून बसते," ते म्हणाले. अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तसं.

साडेअकराच्या सुमाराला माझ्या बोटांना काहीतरी वेगळं लागलं. दोर अडकला नाही, घसरला. गुळगुळीत कशावरून तरी घसरत वर चढला आणि थांबला. लाकूड असं घसरू देत नाही, दगडही नाही.

"लोखंड आहे," मी म्हटलं.

"पक्कं?"

"पक्कं."

दोन्ही होड्या जवळ आणल्या. एकीनं दुसरीला वळसा घातला, एकदा, दोनदा, म्हणजे खाली दोराला पीळ बसून तो नांगराच्या हाताला आवळला. आता तो चिखलातून उपटायचा कसा? हातानं ओढून तो हलणार नव्हता. नावाडीभाऊंनी मला आणि वहिनींना मोठ्या होडीच्या टोकाशी बसवलं, स्वतःही तिथेच आले. होडीचं तोंड पाण्यात खाली झुकलं. दोर ताणून तिथल्या खुंटीला पक्का बांधला. मग म्हणाले, "आता तिघंही हळूहळू मागं चला. बसूनच." आम्ही बसल्या बसल्या मागे सरकलो. आमचं वजन मागे गेलं तसं होडीचं तोंड उठायला लागलं. दोर कुरकुरला. मी डोळे मिटले आणि माहीत होते तेवढ्या सगळ्या देवांची नावं घेतली. मग खालून बुडबुडे आले, काळं पाणी वर आलं आणि होडीनं एक हेलकावा घेतला. नांगर सुटला होता.

तो पाण्याच्या वर आला तेव्हा चिखलानं लिंपलेला होता. कडीला नावाडीभाऊंची गाठ जशीच्या तशी होती, दगडासारखी. तिच्यातून एक काळा, गाळात माखलेला दोर खाली लोंबत होता. वहिनींनी तो हातानं धुवत धुवत वर घेतला. निळा रंग दिसायला लागला. शेवटी टोक आलं. मेणबत्तीनं गुळगुळीत केलेलं, नखाएवढंही न सोडलेलं. माझ्या फाशाचा वळसा अजून त्यात तसाच होता, नुसता रिकामा.

नावाडीभाऊंनी माझी गाठ सोडलीच नव्हती. ती तिची तीच सुटली होती.

"मागावरचं सूत सदा ताणात राहते ताई," ते म्हणाले. "पाणी ताण देते अन् सोडते, देते अन् सोडते. त्यात तुम्ही शेपूटच नाई ठेवलं. निसटली."

मी टोक हातात धरून बसले. बाबांची गाठ वाईट नव्हती. ती पाण्यासाठी नव्हतीच, आणि मी ती पाण्यात घातली होती, वर मिरवली होती. एवढं साधं होतं ते.

नावाडीभाऊंनी कमरेचा चाकू काढला. "कापू काय इथून? घासून पिंजून देतो. साहेबाले सांगू दोर तुटला म्हून. तुटला त कोनाचाच दोष नाई."

मोठा मोह होता. कुणाचाच दोष नाही. त्यांची नोकरी वाचत होती, माझी वाचत होती, बाबा वाचत होते. दोन-तीन क्षण मी त्या चाकूकडे पाहत राहिले, हे लपवत नाही. वहिनी वल्ही मांडीवर घेऊन माझ्याकडे पाहत होत्या.

"नको," मी म्हटलं. "राहू द्या तसंच."

काठावर उतरल्यावर मी ती दोन जॅकेटं अंगात असतानाच साहेबांच्या खोलीत गेले, पांढऱ्या दोराचं आणि निळ्या दोराचं टोक त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि सांगितलं. दोर मी जोडला होता. गाठ माझी होती. नावाडीभाऊंची कडीवरची गाठ अजून तशीच आहे, बाहेर येऊन बघा. मला ते तेव्हाच कळलं होतं, मी गप्प राहिले.

साहेबांनी दोन्ही टोकं पाहिली, खुर्चीत मागे रेलले आणि हसले. "अहो, एवढंच ना? होतं असं कधीकधी. तुम्ही काय मुद्दाम केलंत? बसा, चहा घ्या. घाबरल्यात किती."

मी बसले नाही. तीन दिवस जे माझ्या छातीवर होतं ते त्यांनी एका वाक्यात उचलून बाजूला ठेवलं आणि मला हलकं वाटायच्या ऐवजी राग आला. हीच गाठ परवा त्यांची होती तेव्हा निष्काळजीपणा होता, गेट होतं, ठेकेदार होता. आज माझी झाली तर होतं असं कधीकधी आणि चहा.

"साहेब, मग हे त्यांनाही म्हणा," मी म्हटलं.

"सांगा ना तुम्ही, उद्यापासून पाण्यावर ये म्हणावं."

"मी नाही. तुम्ही बोललात तेव्हा सगळे होते."

ते जरा गोरेमोरे झाले, पण उठले. बाहेर नांगर पायरीवर ठेवला होता, भोवती सगळे जमलेले. तो पाहताच साहेब खुलले. फोटो काढले. म्हणाले, शिडांच्या जहाजांच्या काळात वादळ आलं की जहाजं दोर कापून पळायची आणि नांगर बंदरातच राहायचे. मग दोन होड्या आणि एक दोर घेऊन तळ झाडणारी माणसं असायची, नांगर शोधून काढायची. अगदी हीच पद्धत. मोठी मानाची माणसं ती.

नावाडीभाऊ ओल्या कपड्यांनी उभे होते. म्हणाले, "त्या लोकायलेही गेटवर बसवत होते काय साहेब?"

कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. मग म्हणाले, "माझी चूक झाली. तू पाण्यावरच राहा." आवाज बारीक होता, पण सगळ्यांनी ऐकला.

सगळे पांगल्यावर मी नावाडीभाऊंजवळ गेले. मला माफी मागायची होती आणि ती कशी मागतात ते आठवत नव्हतं. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही पहिल्याच दिवशी साहेबांना सांगायला हवं होतं. का नाही सांगितलं?"

ते निळा दोर गुंडाळत होते. गुंडाळून पुरा केला, माझ्या हातात दिला.

"मी कायले सांगू? तुम्ही तिथंच उभ्या होत्या," ते म्हणाले. "मी तीन दिवस तुमच्याकडंच पाहून रायलो होतो, ताई."